ती बंदूक त्याने भरली नव्हती

वरसाव्यात अजूनही असं सांगतात की म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं, तरी हट्टाने बंदूक भरायला गेला आणि स्वतःचा हात गमावून बसला. त्याच्या सोयऱ्यांतही हेच सांगतात. म्हाताऱ्या माणसाने हट्ट कसा करू नये याचं उदाहरण म्हणून सांगतात. हे खरं नाही. त्याला चांगलं दिसत होतं आणि ती बंदूक त्याने भरली नव्हती. मी भरली होती.

मी टूलरूममधला माणूस. सगळी नोकरी साचे आणि डाय बनवण्यात गेली. दोन हजार सालाच्या आसपास कंपनीने टूलरूमच बंद केली आणि आम्हाला लवकर घरी पाठवलं. आम्ही लालबागची खोली सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो. बायकोची नोकरी चालू होती. ती सकाळी गेली की घरात मी एकटाच. हातांना सवय होती कामाची. मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्या आवळल्या, नळ दुरुस्त केले, मग जिन्यातले कठडे घट्ट केले. एक दिवस बायको म्हणाली, "आता शेजाऱ्यांच्या दारांना हात लावू नका. ती मंडळी मला विचारतात, तुमचे मिस्टर सोसायटीत नोकरीला लागले का? बाहेर कुठेतरी फिरून या."

म्हणून मी काशीमीऱ्याच्या नाक्यापर्यंत चालत जायला लागलो. तिथे ट्रकांच्या धुळीत एक म्हातारा भाजी घेऊन बसायचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. मुळे, वालाच्या शेंगा, कधी अळू. त्याच्या तराजूची दांडी मध्यावर झिजली होती आणि काटा एका बाजूला पडायचा. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी घरून कानस घेऊन गेलो आणि तिथेच बसून दांडी सरळ केली.

तो बघत होता. म्हणाला, "आता बरोबर तोलनार का ह्यो?"

"अगदी बरोबर."

"म्हंजे माझं नुकसानच की." आणि हसला. मग विचारलं, "तू काम काय करतोस?"

मी म्हटलं, कंपनीत होतो. त्या दिवसापासून तो मला कंपनी म्हणायला लागला. काय कंपनी, बस आज. काय कंपनी, जेवलास का. मी त्याला दादा म्हणायचो.

त्याचं घर वरसाव्याला होतं, खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे, आणि शेत डोंगराच्या पायथ्याला, जंगलाला अगदी खेटून. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच ओलीवर वाल. घरात दोन मुलं आणि सुना होत्या, पण मुलं दिवसभर नोकरीला. शेतात नवराबायको दोघंच. मी आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागलो. कुदळीला दांडा बसवून दे, विहिरीचा रहाट नीट कर, असं काहीबाही करायचो. वहिनी चहा द्यायच्या, कधी भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. त्या दिवसांत मला ते दुसरं घर झालं होतं.

त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती. वडिलांच्या वेळची, शेताच्या राखणीच्या परवान्याची. रानडुकरं उतरली की तो नुसती दारू भरून आवाज काढायचा, गोळी नाही. पण तिची निगा अशी राखायचा की मी टूलरूममध्येही तशी निगा पाहिली नव्हती. गरम पाण्याने नळी धुणार, उन्हात वाळवणार, तेलाचा बोळा फिरवणार. दारू एका खोलीत, घोड्याखाली बसवायच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या दुसऱ्या खोलीत. बंदूक रिकामी असली तरी तोंड कधी माणसाकडे करणार नाही. वहिनी म्हणायच्या, "भावोजी, बघा कसा पुसतो. मना न्हाय कवा असं जपलं."

"तू कुठं फुटनार हाईस?" तो म्हणायचा.

बंदूक भरताना तो एक गोष्ट कधीच चुकवत नसे. दारू आणि गोळी ठासायचा जो लोखंडी गज असतो, त्यावर त्याने कानशीने एक खूण केली होती. दारूवर गोळी नीट टेकली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. खूण वर राहिली तर गोळी मध्येच अडकली असं समजायचं. आणि अडकलेल्या गोळीवर चाप ओढायचा नाही. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की नळी फाटते. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

शिकारीचं खूळ माझं. हेही लिहून ठेवतो, कारण नंतर शेतात पेंढ्याचा आडोसा सापडला त्यावरून गावात म्हणतात की म्हाताऱ्याला सांबराच्या मटणाची हाव सुटली होती.

त्या हिवाळ्यात एक सांबर वालात यायला लागलं. मोठा नर होता. शेंगा खायचाच, शिवाय वाफेच्या वाफे तुडवून जायचा. मी एकदा संध्याकाळी त्याला लांबून पाहिलं आणि माझ्या डोक्यातून तो जाईना. रिकामा माणूस होतो मी. म्हटलं, "दादा, ह्याला एकदा पाडू."

"गुन्हा हाय. आत टाकतील."

"कोणाला कळतंय?"

"मना कळतंय ना."

पण मी सोडलं नाही. रोज तोच विषय. मग एका सकाळी आम्ही दोघं शेतावर गेलो तर सगळ्यात चांगला वाफा जमीनदोस्त झाला होता. वहिनी तिथे बांधावर बसून होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "एकदाच. परत नाव काढायचं न्हाय."

मग आमची तयारी सुरू झाली. खरं सांगायचं तर म्हातारपणातले माझे सगळ्यात आनंदाचे दिवस तेच होते.

त्या बंदुकीचा लांबून भरवसा नव्हता. जनावर अगदी जवळ, अंगणात उभं असल्यासारखं यायला हवं. त्यासाठी बांधाजवळ पेंढ्याचा आडोसा केला, तोही एका दिवसात नाही. रोज थोडा थोडा वाढवला, म्हणजे सांबराला नवं काही वाटू नये. वारा कुठून येतो ते बघायला त्याने काठीला कापूस बांधून ठेवला. मला बसायची सवय लावली. मांडी न हलवता, न खोकता, माशी तोंडावर बसली तरी न उठवता. मला खोकला यायचाच.

"कंपनी, तू न्हाय रं बसू शकत. तू घरीच ऱ्हा, तुझा फोटो बसवतो इथं."

आणि साबणावरून तर त्याने माझी पुरती चेष्टा केली. "तुझ्या साबनाचा वास पार काशीमीऱ्यापर्यंत जातो. सांबर काय, नाक्यावरचे हवालदारपन पळतील." मी मग नुसत्या पाण्याने आंघोळ करायला लागलो. बायको विचारायची, काय चाललंय तुमचं? मी सांगायचो, त्वचेला साबण चांगला नाही.

गोळ्या मात्र मी माझ्या अंगावर घेतल्या. त्याच्याकडे पूर्वीच्या काही गोळ्या होत्या, मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या वजनांना हातोडीने ठोकून गोल केलेल्या. वेड्यावाकड्या. नळीत टाकल्या तर खुळखुळ वाजायच्या. पूर्वी गोळी भरायचा तेव्हा तो त्यांना तेलकट चिंधी गुंडाळून ठासायचा. मी हसलो. म्हटलं, "हे काय! मी साचा करतो. अशी गोळी देतो की नळीत तसूभर हलणार नाही."

काशीमीऱ्याला एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे लेथ होती. बंदुकीच्या नळीच्या तोंडाचं माप घेतलं आणि दोन फाळ्यांचा, म्हणजे मधोमध उघडणाऱ्या दोन भागांचा साचा केला. कंपनी सुटल्यानंतर पहिल्यांदा हातात काम आलं होतं. फाळ्या एकमेकींवर अशा बसल्या की मधली रेघ दिसेना. मग त्याच्या अंगणात शिसं वितळवलं आणि गोळ्या ओतल्या. साच्यातून पहिली गोळी बाहेर पडली, चांदीसारखी चमकत होती. वहिनीही बघायला आल्या.

त्याने ती थंड झाल्यावर तळहातावर फिरवली. म्हणाला, "झ्याक हाय. पन जरा सैल पायजे."

"सैल कशाला? सैल म्हणजे नेम जाणार."

"चिंधी कुठं बसनार मग?"

"चिंधीची गरजच नाही, दादा. फिट आहे ती. नळीच्या तोंडाशी लावून बघ."

त्याने लावून बघितली. गोळी तोंडात अलगद बसली. मग म्हणाला, "कंपनीचा मानूस हाईस, तुला जास्त कळतं."

मला काय कळत होतं! टूलरूममध्ये मी नव्या मुलांना शिकवायचो, भोक एका जागी मोजू नका, तोंडाशी मोजा, मध्ये मोजा, तळाशी मोजा. आणि इथे मी फक्त तोंडाशी मोजलं होतं. वर्षानुवर्षं गज आतबाहेर करून नळीचं तोंड झिजून मोठं झालं होतं. आत नळी मूळच्याच मापाची होती, म्हणजे तोंडापेक्षा अरुंद. हे एवढं साधं आहे. मी आयुष्यभर जे केलं तेच तिथे केलं नाही, कारण वाहवा घ्यायची घाई होती.

सांबराच्या आधी एकदा बंदूक उडवून बघायची होती. आवाज झाला तर गावात प्रश्न येणार. त्यावर उपाय त्यानेच काढला. पलीकडे दगडखाण होती. दुपारी तिथे सुरुंग उडवायचे, त्याआधी भोंगा वाजायचा. भोंगा संपला की थोड्या वेळात सुरुंगांचे धडाके सुरू. त्यात आपला एक आवाज मिसळून टाकायचा.

त्या दुपारी आम्ही दोघंच शेतात होतो. दारू त्याने मोजून घातली. मग मी म्हटलं, "गोळी माझी आहे, ठासणार मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती बंदूक त्याने कधी मुलांच्याही हातात दिली नव्हती. पण दिली. आणि खाणीकडे बघायला बांधावर जाऊन उभा राहिला.

मी गोळी नळीत टाकली आणि गजाने लोटली. सुरुवातीला सुरेख गेली. मग जड झाली. मग थांबली. मी जोर लावला, थोडी सरकली आणि पुन्हा थांबली. गजावरची खूण नळीच्या तोंडापासून चांगली वीतभर वर होती. मी गज दोन्ही हातांनी दाबला. हलेना. तेवढ्यात भोंगा वाजला.

तो बांधावरून ओरडला, "खूण आली का रं?"

मी म्हटलं, "आली."

हे मी का म्हटलं याचा विचार मी इतकी वर्षं केला आहे. घाई होती हे खरं, पण घाईमुळे नाही. भीतीमुळेही नाही. माझी गोळी बसली नाही हे मला त्याला सांगवत नव्हतं. चिंधीला हसलेला माणूस मी. मनात म्हटलं, दारूचा जोर मोठा असतो, ढकलेल ती.

मी गज ओढून काढला. तो आला, टोपी बसवली, बंदूक खांद्याला लावली आणि एका वाळक्या खोडावर धरली. पहिला सुरुंग उडाला तसा त्याने चाप ओढला. आवाज वेगळा असा ऐकूच आला नाही. मी खोडाकडे बघत होतो, कुठे लागली ते दिसेना. वळून पाहिलं तर तो खाली बसलेला होता आणि डावा हात पोटाशी धरला होता. नळी मधोमध फुलासारखी फाटली होती. त्याच्या डाव्या डोळ्यातून रक्त येत होतं.

मी त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळला आणि खांद्याला धरून त्याला रस्त्याकडे नेला. वाटेत शेजारच्या शेतातली माणसं ओरडत येताना दिसली. तेव्हा तो मला म्हणाला, "तू हितं न्हवतास."

"दादा, काय बोलतोस?"

"परवाना माझा हाय. दुसऱ्यानं हात लावला म्हंजे तूपन जाशील. जा तू घरी. जा म्हनतो ना."

आणि मी गेलो. माणसं पोचायच्या आत मी आडवाटेने पुलाकडे आलो आणि रिक्षात बसलो. बायकोने शर्टावरचं रक्त पाहिलं. मी सांगितलं, नाक्यावर एका स्कूटरवाल्याला उचललं. ती म्हणाली, बरं केलंत.

त्याने पोलिसांना सांगितलं की डुकरं हाकलायला बंदूक आपणच भरली, आपणच उडवली, म्हातारपणी चूक झाली. परवाना गेला, बंदूक गेली. डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि तो डोळा गेला. मी चार दिवसांनी हॉस्पिटलात भेटायला गेलो, बाहेरून ऐकलं आणि धावत आलो असं दाखवत. तो खाटेवर होता. म्हणाला, "ये कंपनी. बस."

मला वाटलं होतं की बोटं आणि डोळा जाणं हे सगळ्यात वाईट. तसं नव्हतं. वाईट नंतर सुरू झालं. त्या घरात त्याच्या हाती काही द्यायचं नाही असं ठरून गेलं. कोयता लपवून ठेवायचे. काडेपेटी वरच्या फळीवर. शेताला तो निघाला की सून मागून हाक मारायची, "बाबा, बसा ना गप्प, अजून काहीतरी करून ठेवाल." वहिनी तर कोणीही आलं की सांगायच्या, "साऱ्या गावाला शहानपना शिकवायचा आनि सोताच..." पुढचं वाक्य पुरं करायच्या नाहीत. वाल पेरणं बंद झालं.

मी जात राहिलो. गेलो नसतो तर बरं, असं आता वाटतं. एकदा चहा आला. त्याने चांगला हात पुढे केला तर वहिनी म्हणाल्या, "थांबा, भाजून घ्याल," आणि पेला फुंकून फुंकून त्याच्या हातात दिला. त्याने माझ्याकडे बघून उरलेला डोळा बारीक केला. "मीपन रिटायर झालो, कंपनी." मी हसलो. वहिनीही हसल्या. त्या वेळी बोलायला हवं होतं. पोलिसांत नको, गावात नको, निदान त्या घरात.

त्या गोष्टीबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला, तेही चार वर्षांनी. आम्ही पडवीत बसलो होतो. म्हणाला, "मी सोता बघायला पायजे व्हतं. दुसऱ्याला इचारून भागत न्हाय." बोलण्यात राग नव्हता. चूक स्वतःकडे घेऊन टाकल्यासारखं बोलला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला त्यातून कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी म्हटलं, "थंडी वाढलीय ना या वर्षी." तो म्हणाला, "हां."

पुढच्या थंडीत तो तापाने गेला.

त्याचे दिवस झाल्यावर मी एकदा वहिनींकडे गेलो. त्या एकट्याच होत्या, सुपात सुका जवळा निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तेवढं. गोळी, खूण, माझं उत्तर. त्या निवडत राहिल्या. मग हात थांबला.

"हॉस्पिटलात सुदीवर आले तवा त्यांनी पैलं इचारलं, कंपनी घरी पोचला का? मी म्हटलं, भावोजी कुठं व्हते तिथं? तर गप बसले. मना वाटलं, तापात बोलतात."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"मी त्यांच्या हाती सुरी देत न्हवते, भावोजी. माशाचा काटा मी काडून द्यायची, पोराला देतात तसा. ते म्हनायचे, अगं मी काडतो. मी म्हनायची, बघितलं तुमचं करनं." त्या रडल्या नाहीत. "ह्ये मी बोलून बसले ते आता कुनाकडून परत घेऊ?"

त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "पोरं रविवारी घरी असतात. त्यांच्यासमोर सांगा."

मी रविवारी गेलो. दोन्ही मुलं, सुना बसल्या होत्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जात नाही, उलट वाक्यं तयार असतात म्हणून जास्त लाज वाटते. मोठा मुलगा म्हणाला, "काका, आता काय त्याचं? बाबा गेले. शेतपण राहिलं नाही. कशाला उकरायचं?"

वहिनी म्हणाल्या, "कशाला म्हंजे? तू सोयऱ्यांत बसून हसून हसून सांगतोस ना, बाबांनी हट्ट केला आनि हात उडवला? आजपासून त्ये सांगायचं न्हाय."

धाकटा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. त्याने विचारलं, "त्यांनी तुम्हाला केसमधून वाचवलं ना?"

"हो."

"मग इतकी वर्षं तुम्ही इथे बसून चहा पीत होतात, आणि आम्ही त्यांना तुमच्यासमोर..." तो उठून बाहेर गेला.

धाकट्या सुनेने सवयीने चहा ठेवला होता, ती कप घेऊन दारात आली. वहिनी तिला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आत ठेव." मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या.

"गावात सांगाल?"

"सांगेन."

"सांगा. मग या."

गावात दारोदार जाऊन सांगायचा प्रयत्न मी केला. दोन घरांत गेलो. लोक पाणी देतात, ऐकतात, म्हणतात, जाऊ द्या काका, वयाने होतं असं. आणि मला नक्की कोणाचं वय म्हणतात ते कळत नाही. आता गुडघेही साथ देत नाहीत. म्हणून हे लिहिलं आहे. वहिनींना वाचता येत नाही. छापून आलं की धाकट्या मुलाने त्यांना वाचून दाखवावं, असा निरोप मी पाठवला आहे. त्याच्याकडून अजून उत्तर आलेलं नाही.